पावसाळ्यात बँडसॉ वाकडा चिरतोय? फेन्सला हात लावण्याआधी हे बघा

मृग निघाला, शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, की घरी छोटं वर्कशॉप असलेल्या आमच्या मंडळींत एक तक्रार हमखास निघते. उन्हाळाभर सरळ चिरणारा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडचं करवतयंत्र, आता ऐकत नाही. फळी फेन्सला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) टेकवून ढकलली तरी ब्लेड एका अंगाला ओढतं. सुरुवातीला १२ मिलीमीटर जाडीची निघणारी पट्टी शेवटाला ९ वर येते, नाहीतर दोन्ही कडा बरोबर आणि मधे पोट. मग पाना काढून फेन्स थोडी तिरपी केली जाते. चार फळ्या बऱ्या निघतात. ब्लेड बदललं किंवा लाकूड बदललं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

फेन्स तिरपी करणं हा इलाज नव्हे, हे मी अगदी ठामपणे सांगतो. ब्लेडला ओढ का लागली ते शोधलं पाहिजे, आणि शोधायला एक क्रम आहे. आधी चाकावरचा टायर (चाकाच्या कडेवरचं रबर), मग ब्लेड चाकावर नेमकं कुठं बसलंय ते, मग ताण, मग गाईड (ब्लेडला बाजूनं आणि मागून आधार देणारे भाग), मग ब्लेडचे दात आणि लाकूड. फेन्स सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी त्याच लाकडाचा तुकडा चिरून बघायचा. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर फरक कशानं पडला ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

खालचे आकडे १४ इंची मशीनचे आहेत. म्हणजे चाकाचा व्यास साधारण ३५५ मिलीमीटर आणि मोटर १ एचपी. मशीनचं दार उघडण्याआधी प्लग काढून ठेवा. स्विच बंद केला एवढ्यावर भागवू नका.

वाकडं म्हणजे नेमकं कसं?

नुसतं "वाकडं चिरतंय" म्हटलं तर त्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. चिरलेला तुकडा घेऊन दारात या, ताज्या कापावर स्टीलची फूटपट्टी उभी धरा आणि उजेडाकडं बघा. पट्टी सगळीकडं टेकते, पण फळीची जाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं कमी होत गेलीय, तर ती ब्लेडची ओढ. टायर, ब्लेडची बसण्याची जागा किंवा एका बाजूचे बोथट दात, यांपैकी काहीतरी असणार. पट्टीच्या दोन्ही टोकांना लाकूड लागतंय आणि मधून उजेड येतोय, किंवा पट्टी मधल्या उंचवट्यावर डुलतेय, तर कापाला पोट आलंय. तिथं ताण, दातांची संख्या आणि ढकलण्याची घाई बघायची. काप सपाट आहे पण गुण्यात (काटकोनात) नाही, तर फक्त टेबल कललंय. वरचं गाईड पूर्ण वर घ्या, गुण्या ब्लेडच्या अंगाला लावा (दातांना नव्हे, दात दोन्हीकडं फाकलेले असतात) आणि टेबलचा बोल्ट आवळा. हे पाच मिनिटांचं काम आहे.

कापावर उभ्या बारीक लाटा दिसत असतील तर ब्लेडचा जोड बघा. १४ इंची मशीनचं ब्लेड साधारण २३७५ मिलीमीटर लांब असतं आणि मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावतं. म्हणजे वेल्डिंगचा जोड सेकंदाला सहा वेळा लाकडातून जातो. जोडाला गाठ असेल किंवा जोड एका रेषेत नसेल तर दर फेरीला ब्लेड उडी मारतं आणि एकसारखी टकटक ऐकू येते. टकटक कालपर्यंत नव्हती आणि आज अचानक सुरू झाली, तर मशीन लगेच बंद करा. दातांमधल्या खाचेत तडा गेलेला असू शकतो, आणि तसं ब्लेड केव्हाही तुटतं.

टायर

पावसाळ्याचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हाच असतो. उन्हाळ्यात भुसा कोरडा असतो, उडतो आणि खाली पडतो. आषाढात हवेला ओल, लाकडाला ओल, त्यामुळं भुसा दमट होतो. वरून उतरणारं ब्लेड तो आपल्याबरोबर खालच्या चाकावर नेतं, आणि ताणलेलं ब्लेड आणि रबर यांच्यामध्ये सापडून तो दाबला जातो. साग तेलकट असल्यामुळं त्याचा थर विशेष घट्ट बसतो.

गेल्या श्रावणात कोल्हापुरात फुलेवाडीला एका निवृत्त गुरुजींकडं देव्हाऱ्यासाठी सागाच्या पातळ फळ्या चिरायचं काम अडलं होतं. ब्लेड नवं आणलेलं, फेन्स पुन्हा बसवलेली, तरी ओढ तशीच. म्हटलं, "गुरुजी, फेन्स राहू द्या, खालचं दार उघडा." चाक हातानं फिरवत टायरवर अंगठा टेकवला, तर मऊ रबराऐवजी कडक, खडबडीत काहीतरी लागलं. लाकडाच्या चिपटीनं खरवडल्यावर काळपट पापुद्रे सुटून आले, कुठं कागदाइतके पातळ, कुठं पोस्टकार्डाइतके जाड. गुरुजी म्हणाले, "अहो, मी तर हे रबरच समजत होतो." टायर साफ केल्यावर चाक पुन्हा फिरवलं. आधी दर फेरीला पुढं-मागं झुलणारं ब्लेड आता एका जागी स्थिर होतं. त्यांची फळी त्याच दिवशी चिरून झाली, त्याच ब्लेडवर.

असं का होतं? बहुतेक १४ इंची मशिनांत टायरचा मधला भाग किंचित फुगीर असतो. ब्लेड त्या फुगवट्याच्या आधारानं चाकावर टिकतं. भुशाचा थर एका कडेला जास्त बसला की फुगवट्याची जागाच सरकते, आणि ब्लेडही तिकडं वळतं. काही मशिनांत टायर सपाट असतो, पण थर बसल्यावर त्याचंही तेच.

साफ करताना चाक हातानंच फिरवायचं. लाकडी चिपटी, मग ताठ नायलॉनचा ब्रश. रॉकेल, पेट्रोल, थिनर रबराला अजिबात लावू नका, रबर फुगतं आणि चाकावरून सुटतं. खालच्या चाकाला हलका टेकेल असा एक ब्रश आतल्या अंगाला स्क्रूनं बसवून टाका. कपडे धुण्याचा ब्रश अर्धा कापलेला असला तरी चालतो. या एका ब्रशानं निम्मी तक्रार संपते.

मग रबराची तब्येत बघा. नखानं दाबल्यावर ठसा उठावा आणि भरून यावा. नख घसरत असेल, रबर काचेसारखं चकाकत असेल किंवा भेगा असतील तर टायर बदला. चाकच डगमगत असेल तर कोल्हापूरकरांनी चिंता करायचं कारण नाही. उद्यमनगरात डायल गेज लावून चाकाची फेर बघून देणारे आणि बेअरिंगची जागा नव्यानं करून देणारे लेथवाले आहेत. चाक सोडून त्यांच्याकडं न्यायचं आणि बेअरिंगही सोबत द्यायचं. त्याशिवाय माप बसत नाही.

ब्लेड चाकावर कुठं, आणि ताण किती

वरचं दार उघडून बघा. १२ मिलीमीटर रुंदीचं ब्लेड असेल तर दातांच्या मधल्या खाचेचा तळ चाकाच्या बरोबर मधोमध आला पाहिजे, पूर्ण ब्लेडचा मध्य नव्हे. फुगवट्याच्या माथ्यावरून ब्लेड पुढं किंवा मागं सरकलं की त्याचं तोंड किंचित वळतं, आणि फेन्सला समांतर चिरण्याऐवजी ते स्वतःची वाट धरतं. ट्रॅकिंगचा (ब्लेड चाकावर पुढं-मागं सरकवणारा) स्क्रू पाव फेरा, मग चाक हातानं चार-पाच वेळा फिरवून ब्लेड कुठं स्थिरावतं ते बघायचं, मग पुन्हा पाव फेरा. जागेवर आलं की लॉकनट आवळायला विसरू नका. हे करताना दोन्ही गाईड ब्लेडपासून लांब ठेवा, नाहीतर गाईड ब्लेडला ढकलतं आणि ट्रॅकिंग जमलं असा भास होतो.

ताणाबद्दल मशीनवरच्या खुणेवर विसंबू नका. ती खूण स्प्रिंग किती दबली एवढंच दाखवते, आणि जुनी स्प्रिंग दबून-दबून मऊ झालेली असते. वरचं गाईड टेबलापासून १५० मिलीमीटर वर घ्या आणि मधोमध ब्लेडला बोटानं बाजूनं साधारण जोर देऊन दाबा. ६ मिलीमीटरच्या आसपास सरकलं तर ठीक. त्याहून बरंच जास्त सरकत असेल तर फळीला पोट येणारच. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकलेली दिसली तर पुढं आवळू नका. तिथं स्प्रिंगचं काम संपलेलं असतं आणि प्रत्येक धक्का थेट ब्लेडला आणि वरच्या चाकाच्या बेअरिंगला बसतो. नवी स्प्रिंग बसवा.

काम झालं की ताण सैल करा. पावसात आठवडाभर मशीन बंद राहणार असेल तर हे फारच महत्त्वाचं, नाहीतर टायरवर एका जागी खळगा पडतो आणि ब्लेडला एका जागी बाक राहतो. स्विचवर "ताण सैल आहे" अशी चिठ्ठी अडकवा. घरातलं दुसरं कुणी चालू करणारं असेल तर ती चिठ्ठी लागतेच.

ब्लेड का तुटतं, याचंही उत्तर इथंच आहे. वर दिलेल्या वेगानं ब्लेडची मिनिटाला जवळपास ३८० फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर दोनदा वाकून सरळ होतं. म्हणजे मिनिटाला साडेसातशेहून जास्त वेळा. जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी असा जुना ठोकताळा आहे, तो ३५५ मिलीमीटरच्या चाकाला ०.३५ मिलीमीटर होतो. बाजारात मिळणारं ब्लेड बहुधा ०.६ च्या आसपास असतं, म्हणजे ते आधीच थकण्याच्या मार्गावर. म्हणून सॉ मिलच्या जाड पट्ट्याचा तुकडा वेल्ड करून घरच्या मशीनला लावू नका. तो लवकरच तडकतो.

गाईड

ब्लेड जागेवर आणि ताण बरोबर झाल्यावरच गाईड पुढं आणायची. वहीचं पान साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतं, ते ब्लेड आणि गाईडमध्ये धरून गाईड टेकवायचं आणि मग कागद ओढून घ्यायचा. बाजूची गाईड दातांच्या खाचेच्या किंचित मागं. दातांवर आली तर दातांची फाक एका बाजूला घासली जाते, आणि मग ब्लेड कायमचंच त्याच्या विरुद्ध बाजूला ओढायला लागतं. मागचं बेअरिंग ब्लेडपासून अर्धा मिलीमीटर मागं. मोकळ्या धावण्यात ते फिरता कामा नये, लाकूड दाबल्यावरच फिरावं.

पावसाळ्यात ही छोटी बेअरिंग गंजून अडकतात. न फिरणाऱ्या बेअरिंगवर ब्लेडची पाठ घासून खाच पडते, तिथं ब्लेड तापतं आणि काप बिघडतो. पुष्कळ मशिनांत ती ६०८ नंबरची असतात, स्वस्त असतात आणि बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतात. घेताना पत्र्याच्या झाकणाचं नको, रबरी सीलचं मागा. ओला भुसा आत शिरत नाही.

वरचं गाईड नेहमी लाकडाच्या अगदी जवळ, बोटभर अंतराच्याही आत ठेवा. काप सुधारतो, आणि उघडं ब्लेड बोटांच्या वाटेत राहत नाही. हातमोजे घालून बँडसॉवर काम करू नका.

दात आणि ओलं लाकूड

१५० मिलीमीटर उंचीची फळी चिरताना इंचाला ६ दातांचं ब्लेड लावलं तर एका वेळी ३६ दात लाकडात असतात. प्रत्येक दातापुढची खाच बारीक, ओला भुसा तिच्यात गच्च भरतो, बाहेर पडायच्या आधीच खाच भरते आणि ब्लेडला पुढं जायला जागा राहत नाही. ते बाजूला सरकतं. उभं चिरायला इंचाला ३ दातांचं, १२ मिलीमीटर रुंद ब्लेड घ्या. वळणाच्या कामाला ६ मिलीमीटर रुंद, इंचाला ६ दातांचं. १२ मिलीमीटरच्या ब्लेडनं ६०-६५ मिलीमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण घ्यायला जाऊ नका, ब्लेड पिळवटतं.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळं धातू कापायच्या बँडसॉची ब्लेडं आपल्याकडं सहज मिळतात, आणि बरेच जण तीच लाकडाला लावतात. इंचाला १० ते १४ दात असलेलं ते ब्लेड सागाच्या जाड फळीत भुशानं लगेच चोंदतं आणि लाकूड जळून काळं पडतं. पातळ प्लायला एखाद वेळ चालेल, फळी चिरायला नाही.

आता लाकूड. टिंबर मार्केटमधून पावसाळ्यात आणलेला नग बाहेरून सुकलेला दिसला तरी आत ओल असू शकते. ताज्या तोडीच्या लाकडात ३० टक्क्यांहून जास्त ओल सर्रास असते. असं लाकूड चिरता येत नाही असं नाही, पण सावकाश ढकलावं लागतं आणि फळी जास्त जाड काढून ठेवावी लागते, कारण सुकल्यावर ती आकसते आणि वळते. आंबा आणि बाभूळ चिरताना आणखी एक गोष्ट होते. आत दडलेला ताण सुटतो, दोन्ही फाका एकमेकींकडं मिटतात आणि ब्लेड चिमट्यात सापडतं. काप थोडा पुढं गेला की मशीन थांबवून मागच्या फटीत लाकडाची पाचर बसवा. गोल ओंडका नुसता टेबलावर ठेवून कधीही चिरू नका, तो गर्रकन फिरतो आणि हातही ओढला जातो. व्ही आकाराच्या लाकडी खोबणीत स्क्रूनं पक्का करून मगच चिरा.

ब्लेडवर राळ साचली असेल तर ते मशीनवरून काढून रॉकेलच्या फडक्यानं पुसा, कोरडं करा आणि मगच चढवा. टेबल गंजलं तर ३२० नंबरचा कागद मारून मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे टाळा, पुढं लाकडावर पॉलिश धरत नाही.

वीजही एकदा बघून घ्या. दाब १० टक्क्यांनी पडला की मोटरचा जोर सुमारे १९ टक्क्यांनी पडतो. ढकलणारा हात मात्र तेवढाच जोर लावतो, मग ब्लेड मंदावून बाजूला जातं. घरातून शेडपर्यंत १ चौरस मिलीमीटरची २० मीटर वायर ओढली असेल तर मशीन सुरू होताना तिथंच २५ व्होल्टच्या आसपास गळतात. २.५ चौरस मिलीमीटरची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि व्यवस्थित अर्थिंग. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून काम करायचं असतं, तेव्हा अर्थिंगला पर्याय नाही.

आता फेन्स

एवढं झाल्यावर सहसा फेन्सला हात लावायची गरजच उरत नाही. तरीही थोडी ओढ राहिली, तर एका सरळ रंधलेल्या फळीवर कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्सशिवाय, हातानं रेघेवरून अर्धी फळी चिरा. रेघेवर राहायला फळी जितकी तिरपी धरावी लागली, तितकी धरूनच मशीन बंद करा, फळीच्या कडेची रेघ टेबलावर पेन्सिलीनं उतरवा आणि फेन्स त्या रेघेला समांतर लावा. ही खूण त्या ब्लेडपुरतीच. हा तिरपेपणा ४-५ अंशांपर्यंत जात असेल तर फेन्स लावू नका, ब्लेड बदला. त्याचे एका बाजूचे दात गेलेले आहेत.

जुनं मशीन घेणाऱ्यांसाठी

कास्टिंगच्या सांगाड्याचं जुनं मशीन मिळालं तर मी नव्या पातळ पत्र्याच्या मशीनपेक्षा तेच घ्यायला सांगेन. ते जड असल्यामुळं थरथरत नाही, आणि सुटे भाग इथंच करून मिळतात. फक्त एक गोष्ट नीट तपासा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं आणि अनेक दुकानं, वर्कशॉप पाण्यात गेली होती. पाण्यात राहिलेलं मशीन रंग देऊन विकायला येऊ शकतं. बाहेरच्या रंगाकडं न बघता खालचं दार उघडा. चाकाच्या आऱ्यांच्या बेचक्यात आणि बोल्टच्या डोक्याखाली बारीक गाळ सुकलेला असतो, तो पुसणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. मोटरचा पट्टा काढून खालचं चाक हातानं फिरवा. आवाज खरखरीत येत असेल तर बेअरिंग गेलंय, त्याचा खर्च किमतीतून वजा करा. मोटरचं झाकण काढायला विक्रेता नाही म्हणाला तर मोटर नवी घ्यावी लागणार असं धरूनच बोली करा.